रोजची द्वादशी

हळू, स्वल्प हळू बोल, आत हे जपाला बसलेत — जप मध्ये सोडत नाहीत, पण कान सगळे इकडंच असतात. ते वजनाचं मशीन भिंतीपाशी ठेव, गेल्या वेळी ठेवलं होतंस तिथंच, आणि तू बस. कॉफी आणते. — नाही कशी, डिकॉक्शन तयार आहे; रिकाम्या पोटी त्यांनी राहायचं असतं, तू नव्हे. आणि ते आहेत गं रिकाम्या पोटी, त्याची काळजीच नको, काल सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. — हो, पाणीसुद्धा. एकादशी होती ना काल. तुमच्या पुण्याला एकादशी आणि दुप्पट खाशी — साबुदाणा काय, वऱ्याचे तांदूळ काय, रताळ्याचा कीस काय! आमच्यात नाही ते. आम्ही मराठी बोलतो खरं, पण तीनशे वर्षांहून जास्त झाली ह्या कानडी मुलखात येऊन, व्रतं सगळी इकडचीच. आमची एकादशी म्हणजे कोरडी ठणठणीत. आणि दुसऱ्या दिवशी द्वादशी, त्या दिवशी सकाळी पारणं, म्हणजे उपास सोडायचा, तोही वेळेत. आज आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत वेळ आहे. आता सव्वासात. अर्ध्या तासात हे बाहेर येतील, तू त्यांना मशीनवर उभं कर, तुझे प्रश्न विचार, की मी पान वाढते. सरी, चालेल?

तू तोंडावर दाखवत नाहीस, शाल्मली, पण मनात असणारच — ह्या बाईनं आपल्याला दोनदा का परत पाठवलं? मंगळवार नको म्हटलं, बुधवार नको, शुक्रवारीच ये, आणि सकाळीच ये. पाहुणे आहेत म्हणून सांगितलं मी फोनवर. पाहुणे कुठले! पाच महिने ह्या घराचा उंबरा कुणी ओलांडलेला नाही, तू आणि मुलगा-सून सोडून. — का म्हणजे? ते राहू दे. तू फक्त एवढं कर, वार-तारखेच्या भानगडीत पडू नकोस, सरळ विचार, आजोबा, आज काय? गेल्या वेळी तूच म्हणालीस ना, त्यांनी तिथी सांगितली तरी चालेल, बरोबर असली म्हणजे झालं. मग मोबाइलवर बघितलंस आणि म्हणालीस, आजी, आज तर पंचमी. आणि शून्य लिहिलंस. आज बघ बरं मोबाइल. बघ, बघ. — काय म्हणतो? द्वादशी ना? बास. लक्षात ठेव.

तुझ्या त्या स्मरणशक्तीच्या प्रश्नांत गेल्या वेळी तीसपैकी सतरा आले होते. वादिराजनं, माझ्या मुलानं, त्या कागदाचा फोटो काढून ठेवलाय. व्हाइटफील्डहून दोन तास रस्त्यात घालवून जे. पी. नगरला येतो, बूट काढायच्या आधी म्हणतो, अम्मा, सतरा. जसं काही मीच नापास झाले. ह्या वेळी वीसच्या खाली आले तर येलहंकाला जागा बघून ठेवलीय त्यानं — विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीच आहे, बाग आहे, नर्स आहेत, दारं बाहेरून लागतात. बायकोला घेत नाहीत तिथं. मी कुठं जायचं? मी व्हाइटफील्डला, चौदाव्या मजल्यावर, नातवाच्या खोलीत त्याच्या सायकलीशेजारी. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, एक त्या टोकाला, एक ह्या टोकाला, आणि मध्ये ही एवढी ट्रॅफिक. — वाईट नाही गं तो. घाबरलाय. बाप आपल्याला ओळखेनासा होईल म्हणून घाबरलाय, मग मोबाइलमध्ये बघतो आणि जागा शोधतो. पण आज तू रिपोर्ट पाठवलास की सोमवारी तो सही करणार, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, शुक्रवारीच ये.

घे, गरम आहे. — कळलं नाही ना? कसं कळेल. सांगते, पण तुझ्या त्या कागदावर नको. — आश्विनात पडले हे, एकादशीच्या संध्याकाळी, न्हाणीघरात. हाड वाचलं. डॉक्टरांनी मांडीला टेप लावली, वजन घेतलं, बावन्न किलो, तेही बरंचसं पोटावरचं. हातापायांत मांस नावाला नाही. आणि म्हणाले, ह्या वयात मांस उतरतं आणि डोकं उतरतं ते पुष्कळदा बरोबरीनं. कोण कुणाला ओढतं ते आम्हालाही अजून नक्की सांगता येत नाही, पण अंग धरलं तर डोकंही स्वल्प सावरेल, निदान प्रयत्न करू. रोज चालायचं, डाळ, दूध, दही दिवसातून तीनदा, वर ही प्रोटीनची पावडर. आणि उपास बंद. मला हसूच आलं तिथं. चातुर्मास चालू होता! आमच्यात चातुर्मासात एक महिना भाजी नाही, एक महिना दही नाही, एक महिना दूध नाही, आणि शेवटचा महिना डाळ नाही. डॉक्टर म्हणतायत डाळ खा, आणि आमचा डाळ सोडायचा महिना बसून चार दिवस झालेले! घरी येऊन ह्यांना समजावलं. तर म्हणाले, मांडी आज काय, उद्या काय, जायचीच आहे. त्यासाठी पन्नास वर्षांचं व्रत मोडू? अडतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? आणि त्या डब्यातल्या पावडरीला तर शिवले नाहीत — कुणी केली, कुठं केली, सोवळ्यात केली का.

विसरायला तर लागलेच होते. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग सकाळचं दुपारी आठवेना. एक दिवस, द्वादशी होऊन तीन दिवस झाले होते, पानावर बसले, दोन घास घेतले आणि उठायला लागले. उठता उठता मलाच विचारतात, आज काय गं? आणि माझ्या तोंडून गेलं, द्वादशी. — का गेलं? देवाशपथ ठरवून नाही बोलले. पण आमच्यात कसं आहे, एकादशीला खाणं जेवढं पाप, तेवढंच द्वादशीला न खाणं. पारण्याला पोटभर जेवायचंच. हे खाली बसले परत. सगळं पान पुसून खाल्लं, पायस दोनदा घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आनंदानं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारलं, आज काय? मी म्हटलं, द्वादशी. तिसऱ्या दिवशी पण द्वादशी. चातुर्मास संपला म्हणूनही सांगून टाकलं, संपला नसताना. झालं. तेव्हापासून ह्या घरात रोज द्वादशी. — हो, रोज. — एकादशीलाही, हो, काय विचारतेस! कालची सोडून नऊ एकादशा गेल्या, त्या नऊही दिवशी मी माझ्या नवऱ्याला सकाळी मुगाच्या डाळीचं पायस वाढलंय, ती डब्यातली पावडर घालून, वर तूप सोडून.

अशी बघू नकोस. सोपं वाटलं तुला? ती भिंत बघ, खिळा दिसतो ना, तिथं कॅलेंडर होतं. पंचांग तांदळाच्या डब्यात तळाशी आहे. टीव्ही बिघडलाय, म्हणजे मी बिघडवलाय, सकाळी सकाळी तो ज्योतिषी येतो आणि पहिल्या वाक्यात तिथी सांगतो. पेपर बंद. मठात नेत नाही, पाय दुखतील म्हणते. त्यांचे मित्र आले की दारातूनच, झोपलेत हो. कारण आमच्यातला माणूस आला की चपला काढायच्या आधी म्हणणार, उद्या एकादशी नाही का? बेल वाजली की मी आधी आतलं दार ओढून घेते. मी कुठं जात नाही, बहिणीच्या नातवाच्या मुंजीला गेले नाही, गेले तर मागं ह्यांना कोण काय सांगेल? ह्यांना कोंडून ठेवलं म्हणशील तर ठेवलंय, पण मी काय बाहेर आहे? आणि पारणं म्हटलं की हादग्याचा पाला हवा, इथं आगसे म्हणतात, आवळा हवा, नाहीतर ह्यांना पटणार नाही. कोपऱ्यावर सत्यवती बसते भाजी घेऊन. महिन्यात दोनदा आगसे नेणारी बाई रोज न्यायला लागली. ती म्हणते, काय अक्का, तुमच्याकडं रोज द्वादशी का? हसते. मी पण हसते.

एकदाच मी फसणार होते. पौर्णिमेला पडदा ओढायला विसरले. हे गॅलरीत उभे. मी मागं, पडदा धरून. बराच वेळ चंद्र बघितला आणि म्हणाले, द्वादशीचा चंद्र स्वल्प मोठाच दिसतोय आज. बस, एवढंच. आत येऊन झोपले. आणि गेल्या महिन्यात म्हणाले, ह्या वर्षी द्वादशा फार आल्या, नाही? मी म्हटलं, अधिक महिना असेल. हं म्हणाले. विसरतात ना, म्हणून निभावलं.

आता तुझा कागद. तू विचारलंस, आज काय? म्हणाले, द्वादशी. चूक. तू विचारलंस, काल काय जेवलात? म्हणाले, काल काही नाही. मी तिथं बसलेली, माझ्यासमोर तू लिहिलंस, जेवल्याचं आठवत नाही. अगं, पण विचार कर! आज द्वादशी, मग काल काय असणार? एकादशी. एकादशीला हा माणूस जेवेल? नाही. म्हणजे काल जेवलो नाही. एवढं सगळं त्या डोक्यात एका क्षणात झालं! ते डोकं बिघडलंय म्हणून सांगता तुम्ही? त्या डोक्यात चुकीचं मी घातलं. त्यांचे मार्क मी घालवले, शाल्मली. आणि तोंड उघडून बोलले नाही. — बोलायला हवं होतं, मान्य. कुणाशी? वादिराजशी? तो त्याच संध्याकाळी बापासमोर बसून म्हणेल, अप्पा, अम्मा तुम्हाला फसवत होती. आणि मग? एक एकादशी मोडली तर हे प्रायश्चित्ताला एक दिवस कोरडे राहणारे. नऊ मोडल्यात. नऊ दिवस पाण्यावाचून, ह्या अंगावर! सांगितलं तर ते उपाशी जातात, नाही सांगितलं तर येलहंकाला जातात. पाच महिने मी ह्या दोन दारांच्या मध्ये उभी आहे, आणि दोन्ही मीच लावून घेतलीत.

म्हणून आजचा दिवस. आज खरोखरची द्वादशी आहे, आणि काल खरोखरची एकादशी होती. काल सकाळी विचारलं त्यांनी, आज काय? मी म्हटलं, एकादशी. इतक्या दिवसांनी शब्द निघाला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि एकदम ताठ बसले. दिवसभर स्तोत्रं म्हणत होते, एक ओळ चुकली नाही. संध्याकाळी मात्र उठताना भिंत धरली. मला वाटलं, एक पेलाभर दूध द्यावं आणि द्वादशी म्हणावं — नाही दिलं. आजच्या तुझ्या दोन प्रश्नांसाठी त्यांना मी उपाशी ठेवलं. डॉक्टर नको म्हणतात, देव हवं म्हणतो, आणि मी मार्कांसाठी ठेवलं. काय म्हणायचं ह्याला?

आणि मी? — मी काय, मी ठीक आहे. — उपास? मला विचारतेस? — तू मोठी चौकस आहेस हं. — नाही केला. खाल्लं मी काल. उप्पीट केलं, स्वयंपाकघराचं दार लावून, फोडणीचा वास जाऊ नये म्हणून खिडकी उघडून, ओट्यापाशी उभ्यानं खाल्लं. हे आत स्तोत्र म्हणतायत आणि मी उप्पीट खातेय. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्याबरोबर कोरड्या एकादशा केल्या, बाळंतपणाचा महिनासुद्धा सोडला नाही, कुणी विचारलं नाही तुला जमतं का. ह्या नऊ वेळा ह्यांना वाढलं तसं माझंही वाढून घेतलं. आवडलं मला, शाल्मली. भूक लागली की खायचं, एवढं साधं सुख असतं हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. आणि दुसरं सांगू? हे जेवताना बोलत नसत. पानावर मौन, सत्तेचाळीस वर्षं. आता नियम विसरलेत, रोज सकाळी पायसाचा पहिला घास घेतात आणि म्हणतात, छान झालंय. रोज! डोकं पूर्ण सुधारलं तर मौनही आठवेल त्यांना, हे माझ्या मनात येतं. बरे व्हावेत म्हणून खाऊ घालते आणि फार बरे होऊ नयेत असंही वाटतं. हे कुणाला सांगायचं नव्हतं मला. तुला का सांगितलं कुणास ठाऊक. कप दे तो.

— श्श. उठले. मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस.

या, या. ही शाल्मली, आठवते ना? डॉक्टरांकडची मशीनवाली मुलगी, पुण्याची. हळू, हात द्या — बरं, नका देऊ. चालले आपले आपण. इथं उभे राहा, अनवाणीच, ते दांडे धरा दोन्ही हातांनी. — किती, गं? वाढलं? दीड किलो! आणि ते मांसच ना, चरबी नव्हे? — पाणी कमी दाखवतंय, दाखवणारच, कालचा दिवस कोरडा. ऐकलंत का, दीड किलो मांस वाढलंय! बसा आता. पाच मिनिटं फक्त, वेळेत पारणं होईल, घड्याळ आहे माझ्यासमोर. विचार गं. मी बोलत नाही मध्ये. बघ, तोंडावर पदर धरला.

— सांगा ना. सोपं आहे. आज काय विचारतेय ती. — माझ्याकडं काय बघता, तिच्याकडं बघा. — काय? काय म्हणालात? — परत म्हणा. — शाल्मली, थांब, ते लिहू नकोस. — 'तिला विचारा, ह्या घरात तिथी ती ठरवते.' असं म्हणाले ना? हसतायत बघ. अय्यो, हसतायत. — तुम्ही... बरं. पुढचं विचार. नाही, विचार, काल काय जेवलात, विचार त्यांना.

— 'मी काही नाही. हिनं उप्पीट खाल्लं, उभ्यानं.'

लिही. लिही की, बरोबर आहे ते. अक्षर न अक्षर बरोबर आहे.

केव्हापासून? — तुम्हाला विचारतेय. केव्हापासून कळतंय तुम्हाला? चंद्र बघितलात तेव्हापासून? त्याच्या आधीपासून? — आता बोलू नका, बसा तसेच गप्प. बघ, शाल्मली, ह्यांना ठाऊक होतं. विचारायचे मला, आज काय, आणि मी खोटं बोलेपर्यंत वाट बघायचे, आणि मग हात पुढं करायचे पानाकडं. मी पाच महिने बेलला घाबरतेय, पंचांग तांदळात पुरतेय, आणि पाप सगळं माझ्या पदरात, पायस ह्यांच्या पोटात. विसरले म्हटलं की ह्यांचं व्रतही राहिलं आणि जेवणही झालं. मास्तर खरे! — डोळे पुसताय कशाला? भूक लागत होती तर सांगायचं होतं मला. एवढंच सांगायचं होतं.

किती झाले, गं? — नको, सांगू नकोस. वादिराजला पाठव, जे बोलले तसंच पाठव. वाचू दे त्याला. आणि तू जा आता. — नाही, पुढचे प्रश्न नंतर, कधीतरी, मला ठाऊक नाही. आठ वाजून गेले. मशीन उचल, चपला घाल, दार ओढून घे जाताना. कुणी जिन्यात भेटलं तर झोपलेत म्हण.

— आले हो, आले. पान मांडतेय. — काय? — आज?

द्वादशी. आज खरी.